‘आयत्या वेळचे विषय’ आणि डॉक्टरांच्या संघटनेची भूमिका

कोणत्याही संस्थेच्या सभेची विषयपत्रिका हातात घेतली, की तिचा पहिला आणि शेवटचा विषय न वाचताही सांगता येतो. पहिला ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ आणि शेवटचा ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’. नाशिकमध्ये गंगापूर रोडवरच्या आमच्या गृहनिर्माण सोसायटीचा मी काही वर्षे सचिव होतो आणि त्या अनुभवावरून सांगतो, की संस्थेला पुढे डोकेदुखी ठरणारे बहुतेक ठराव या शेवटच्या विषयातूनच जन्माला येतात. सभा लांबलेली असते, चहा येऊन गेलेला असतो, कोणीतरी उठून एखादा मुद्दा तावातावाने मांडतो, चार जण माना डोलावतात आणि इतिवृत्तात ‘सर्वानुमते मंजूर’ असे लिहिले जाते.

वैद्यकीय व्यावसायिकांच्या संघटनेची एखाद्या सार्वजनिक प्रश्नावरची भूमिका नेमकी याच्या उलट रीतीने तयार व्हावी, अशी अपेक्षा असते. ‘डॉक्टरांच्या संघटनेचा अमुक गोष्टीला विरोध’ असा मथळा वाचताना आपण असे गृहीत धरतो, की एवढे शिकलेले लोक एकत्र बसले असतील, त्यांनी पुरावा तपासला असेल आणि मगच ते बोलले असतील. काही वेळा तसे घडलेले असते. काही वेळा मात्र पदाधिकाऱ्याला वार्ताहराचा फोन आलेला असतो आणि त्याने गाडी चालवता चालवता दिलेले उत्तर दुसऱ्या दिवशी ‘संघटनेची भूमिका’ म्हणून छापून आलेले असते. या दोन्हींतला फरक वाचकाला ओळखता यावा, म्हणून भूमिका ठरवण्याची प्रक्रिया येथे सविस्तर मांडतो.

त्याआधी एक घोटाळा दूर केला पाहिजे. डॉक्टरांशी संबंधित प्रत्येक संस्थेला आपण ‘मेडिकलवाले’ या एकाच पोतडीत टाकतो, पण त्यांचे अधिकार अगदी वेगळे आहेत. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल ही १९६५ च्या कायद्याने चालणारी वैधानिक परिषद आहे. ती डॉक्टरांची नोंदणी करते आणि गैरवर्तन सिद्ध झाल्यास नाव नोंदवहीतून काढूही शकते. दिल्लीतील राष्ट्रीय वैद्यकीय आयोग २०१९ च्या कायद्याने आला आणि सप्टेंबर २०२० मध्ये त्याने मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाची जागा घेतली. म्हसरूळचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदव्या पाहते. इंडियन मेडिकल असोसिएशन, म्हणजे आयएमए, यांपैकी काहीही नाही. ती १९२८ मध्ये कोलकात्यात स्थापन झालेली, आधुनिक वैद्यकाच्या डॉक्टरांची स्वेच्छेने चालणारी संघटना आहे. साडेतीन लाखांहून अधिक सदस्य, गावोगावच्या स्थानिक शाखा, त्यांच्यावर राज्य शाखा आणि सर्वांत वर मध्यवर्ती परिषद अशी तिची रचना आहे. परिचारिकांची ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन १९०८ पासून आहे, बालरोगतज्ज्ञांची अकादमी १९६३ पासून आहे, आणि दंतवैद्य, स्त्रीरोगतज्ज्ञ, आयुर्वेद व होमिओपॅथीचे पदवीधर यांच्याही आपापल्या संघटना आहेत. यांपैकी कोणाच्याही ठरावाला कायद्याचे बळ नसते. ठराव मान्य नसलेल्या सदस्याला संघटना फार तर सदस्यत्वातून काढू शकते, त्याचा दवाखाना बंद करू शकत नाही. अशा संघटनेच्या हाती असते ती तिच्या शब्दाची पत, आणि ही पत तो शब्द कसा तयार झाला यावर अवलंबून असते.

प्रक्रिया समजण्यासाठी उदाहरण नाशिकचेच घेऊ. ते काल्पनिक आहे, मात्र त्यात येणारे आकडे आणि नियम खरे आहेत.

अनंत चतुर्दशीची मिरवणूक वाकडी बारवेपासून निघते आणि भद्रकाली, मेन रोड, रविवार कारंजा करत गोदाकाठी पोहोचते. दुसऱ्या दिवशी एका कान-नाक-घसा तज्ज्ञाच्या ओपीडीत पाच-सहा जण एकच तक्रार घेऊन येतात, की कानात शिट्टी वाजते आहे आणि बोललेले नीट ऐकू येत नाही. त्यांत मंडळाचा कार्यकर्ता आहे, बंदोबस्तावरचा पोलीस आहे आणि रस्त्याकडेच्या घरातली आजीही आहे. डॉक्टर वैतागतात आणि आपल्या संघटनेच्या शाखेने ‘डीजे बंद करा’ असा ठराव करावा, असे त्यांच्या मनात येते.

येथे दोन वाटा फुटतात. एक वाट आयत्या वेळच्या विषयाची: पुढच्या मासिक सभेत मुद्दा मांडायचा, टाळ्या घ्यायच्या आणि वर्तमानपत्रांना पत्रक पाठवायचे. दुसरी वाट लेखी ठरावाची आहे, आणि तिच्यावर पहिल्याच पावलाला अडायला होते, कारण ठराव लिहावा लागतो.

ठरावाची घडण जुनीच आहे. वरच्या भागात ‘ज्याअर्थी’ने सुरू होणारी कारणे येतात आणि खाली ‘त्याअर्थी ही सभा असे ठरवते की’ या शब्दांनी निर्णय येतो. जिल्हाधिकारी कार्यालयाचा आदेश वाचलेल्याला हे वळण परिचयाचे असेल. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या प्रतिनिधी सभेत येणारे ठरावही याच साच्यात असतात, आणि तेथे एक बारकावा काटेकोरपणे पाळला जातो: मतदान होते ते खालच्या, निर्णयाच्या भागावर. कारणांचा भाग सभासदांना पटवण्यासाठी असतो, तो संघटनेची भूमिका होत नाही. हे लक्षात घेतले तर लिहिणाऱ्याची जबाबदारी किती वाढते पाहा. सगळा संताप, सगळी आकडेवारी, सगळे अनुभव वरच्या भागात ओतता येतात, पण खालची दोन वाक्ये वरच्या आधाराशिवाय स्वतःच्या पायांवर उभी राहिली पाहिजेत, कारण दहा वर्षांनी कोणी संघटनेची भूमिका शोधेल तेव्हा त्याच्या हाती तेवढीच दोन वाक्ये लागतील.

आपल्या डॉक्टरांचे पहिले वाक्य होते, ‘डीजेवर बंदी घालावी.’ अनुमोदक शोधताना पहिलाच सहकारी विचारतो, की डीजे म्हणजे काय? वाजवणारा माणूस, ध्वनिवर्धकांची भिंत, की ट्रॅक्टरवरची ती सगळी जोडणी? दुसरा विचारतो, की मग ढोलाचे काय? प्रश्न खोडसाळ नाही. नाशिक ढोल ही या शहराची ओळख आहे, बाहेरगावचे लोक आपल्याला ढोलावरून ओळखतात. आणि पन्नास-साठ ढोल एका तालात अरुंद रस्त्यावर वाजू लागले की कानाच्या दृष्टीने तो आवाजही सौम्य नसतो. आतल्या कानातल्या केसपेशींना आवाज विजेचा आहे की चामड्याचा, परंपरेचा आहे की भाड्याचा, हे कळत नाही. त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. ठराव आरोग्याच्या संघटनेचा असेल तर त्यात साधनाचे नाव न येता आवाजाची पातळी आणि तो कानावर पडण्याचा कालावधी यायला हवा. साधनाचे नाव घातले की ठराव संस्कृतीच्या वादात ओढला जातो आणि त्या वादात डॉक्टरांच्या शब्दाला इतर कोणाही नागरिकाच्या शब्दाइतकेच वजन उरते.

तिसरा सहकारी कायद्याचे पुस्तक काढतो. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालापासून लागू आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्या भोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात दिवसा ५० आणि रात्री ४० ही मर्यादा त्यांत आहे. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर ध्वनिवर्धकाचा आवाज परिसराच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने अधिक किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्याहून जास्त असू नये, असेही त्यांत आहे. मग ठरावाने मागायचे काय? जे आधीच नियमात आहे ते पुन्हा मागणारे ठराव दुर्दैवाने पुष्कळ होतात. चांगल्या संघटनांच्या पद्धतीत म्हणूनच मसुदा पुढे जाण्यापूर्वी एक चाळणी असते: हा विषय आपल्या कक्षेत बसतो का, यावर संघटनेची जुनी भूमिका आहे का, कायदा काय म्हणतो, आणि ठराव मंजूर झाल्यास तो अमलात आणण्यासाठी पैसा व माणसे किती लागतील. कक्षेचा प्रश्न कधी कधी कायदेशीरही असतो. उदाहरणार्थ, ‘शहरातील सर्व सदस्यांनी तपासणीचे शुल्क अमुक रुपयेच घ्यावे’ असा ठराव संघटनेला करता येत नाही. एकत्र येऊन किमती ठरवणे २००२ च्या स्पर्धा कायद्याच्या कलम ३ मध्ये बसते आणि व्यावसायिकांच्या संघटनांनाही ते कलम लागू आहे.

चाळणीतून पार झालेला मसुदा छोट्या समितीकडे जातो, आणि खरे काम येथे होते.

समितीपुढचा पहिला प्रश्न पुराव्याचा. आवाजाबाबत सर्वांत जास्त उद्धृत होणारे कोष्टक अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेचे आहे. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास, ८८ चा ४ तास, ९१ चा २ तास. आवाज दर ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मी होते, आणि १०० डेसिबलला ती १५ मिनिटांवर येते. हे वाचून डॉक्टरांना वाटते, की झाले काम. पण समितीतला जनऔषधवैद्यकाचा, म्हणजे समाजाच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या शाखेचा, प्राध्यापक तेथेच अडवतो. हे कोष्टक कारखान्यात वर्षानुवर्षे रोज काम करणाऱ्या कामगारासाठी बनवलेले आहे. वर्षातून एकदा मिरवणूक पाहणाऱ्याला ते जसेच्या तसे लावता येईल का? एकाच रात्रीच्या मोठ्या आवाजाने येणारा बहिरेपणा बहुतेकांच्या बाबतीत काही तासांत किंवा दिवसांत उतरतो. काहींचा उतरत नाही. म्हणजे पुरावा आहे, पण तो आपल्या प्रश्नाच्या शेजारच्या घरातला आहे. वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वे बनवणारे अशा पुराव्याला ‘अप्रत्यक्ष’ म्हणतात आणि त्यावर उभ्या राहणाऱ्या शिफारशीचे बळ एका पायरीने कमी करतात. त्याहून जवळचा आधार म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांच्या ठिकाणांसाठी काढलेले मानक. १५ मिनिटांच्या सरासरीने आवाज १०० डेसिबलच्या वर जाऊ नये, आवाज मोजत राहावा, कानात घालण्याचे बोळे उपलब्ध असावेत आणि शांत बसण्याची जागा असावी, अशा गोष्टी त्यात आहेत.

या चर्चेतून एक गोष्ट पुढे येते, जी मूळ ठरावात नव्हती. रोजच्या कामगाराशी ज्यांची तुलना खरोखर होऊ शकते असे लोक मिरवणुकीत आहेतच: आठवडेच्या आठवडे संध्याकाळी सराव करणारी ढोल पथकातली मुले-मुली, मोसमभर भाड्याने यंत्रणा चालवणारे कामगार आणि प्रत्येक उत्सवाला बारा-बारा तास उभा राहणारा पोलीस. पुरावा सर्वांत भक्कम यांच्याबाबत आहे आणि पत्रकांत सर्वांत कमी उल्लेखही यांचाच असतो. मसुदा बदलतो. ‘बंदी घालावी’च्या जागी आता तीन गोष्टी येतात: आहे त्या नियमांची मोजमापासह अंमलबजावणी, पथकांना व बंदोबस्तावरच्या पोलिसांना कानांचे संरक्षण, आणि उत्सवापूर्वी व नंतर श्रवणचाचणीची सोय, ज्यात शाखेचे सदस्य स्वतः वेळ देतील. या शेवटच्या कलमामुळे ठराव थोडा महाग पडतो, पण इतरांनी काय करावे याबरोबर आपण काय करणार हे लिहिणारा ठराव आयुक्तांच्या टेबलावर वेगळा वाचला जातो.

समितीपुढचा दुसरा प्रश्न हितसंबंधांचा आहे आणि तो पुराव्यापेक्षा अवघड आहे, कारण तेथे समोरच्या माणसाकडे पाहून बोलावे लागते. आवाजाच्या ठरावात तो फारसा येणार नाही. श्रवणयंत्रांच्या विक्रेत्याने शिबिर प्रायोजित करायची तयारी दाखवली तर तेवढाच. पण इतरत्र तो कळीचा ठरतो. परिषदा, जेवणावळी, स्मरणिका यांचा खर्च कोण करतो आणि त्याच संघटनेची त्या उद्योगाच्या मालाबाबत भूमिका काय असते, हे शेजारी शेजारी ठेवून पाहावे लागते. बाळांच्या कृत्रिम दुधाबाबत आपल्या कायद्याने हा प्रश्न संघटनांच्या विवेकावर सोडलाच नाही: १९९२ च्या कायद्यानुसार, २००३ च्या दुरुस्तीसह, असे दूध किंवा अन्न बनवणाऱ्या कंपन्यांना आरोग्यसेवकांच्या संघटनांच्या परिसंवादांना किंवा परिषदांना पैसे देण्यास मनाई आहे. औषध कंपन्यांबाबत मात्र गाडी उलटी गेली. मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाने २००९ मध्ये भेटवस्तू आणि प्रवासखर्चावर निर्बंध आणले, ते डॉक्टरांप्रमाणेच त्यांच्या संघटनांनाही लागू होते. २०१६ मध्ये त्यातून संघटनांचा उल्लेख वगळण्यात आला. आयएमएने २००८ मध्ये फळांचा रस आणि ओट्स विकणाऱ्या कंपनीला आपले नाव मालाशी जोडू देण्याचा करार केला होता, आणि तोही कौन्सिलने आचारसंहितेचा भंग ठरवला होता. ज्या संघटनेचे नाव वेष्टनावर आहे तिने उद्या आहारातील साखरेवर भूमिकापत्र काढले, तर ते कोणी कसे वाचायचे? म्हणून समितीच्या प्रत्येक सदस्याने काम सुरू होण्यापूर्वी लेखी जाहीर करायचे असते, की या विषयात माझे कोणाशी आर्थिक संबंध आहेत, आणि संबंध मोठा असेल तर मसुदा लिहिण्यापासून दूर राहायचे असते. आपल्याकडे हे निवेदन बहुधा तोंडी आटोपते किंवा होतच नाही, असे माझे निरीक्षण आहे.

हितसंबंध पैशाचाच असतो असेही नाही. होमिओपॅथीच्या डॉक्टरांसाठी आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम राज्याने २०१४ मधल्या कायदादुरुस्तीनंतर सुरू केला आणि तो चालतो आपल्या म्हसरूळच्या विद्यापीठामार्फत. आयएमएचा त्याला ठाम विरोध आहे, होमिओपॅथीच्या संघटनांचा तितकाच ठाम पाठिंबा. दोन्ही बाजू रुग्णाच्या सुरक्षिततेची आणि सोयीची भाषा बोलतात, आणि दोन्ही बाजूंच्या सदस्यांची रोजीरोटी त्या निकालाशी बांधलेली आहे. एवढ्यामुळे रुग्णहिताचा युक्तिवाद खोटा ठरत नाही. पण अशा भूमिकेकडून वाचकाने थोडा जास्त हिशेब मागावा. पेठ किंवा सुरगाण्याच्या ज्या पाड्यावर एमबीबीएस डॉक्टर राहायला तयार नाही, तेथे रात्री दोन वाजता कोणी औषध द्यायचे, याचे उत्तर विरोधाच्या ठरावात आहे का? आणि चुकीच्या औषधाने इजा झाली तर जबाबदार कोण, याचे उत्तर पाठिंब्याच्या ठरावात आहे का?

समितीचा मसुदा आता सदस्यांकडे जातो. येथे घाई झाली की सगळे आधीचे कष्ट वाया जातात. मसुदा किमान काही आठवडे आधी पोहोचला पाहिजे, सूचना लेखी आल्या पाहिजेत, आणि कोणती सूचना का घेतली वा का नाकारली याची नोंद राहिली पाहिजे. अमेरिकन संघटनेत यासाठी सभेआधी संदर्भ समित्यांच्या खुल्या सुनावण्या होतात; कोणताही सदस्य तेथे बोलू शकतो, आणि मग समिती शिफारस करते, की ठराव आहे तसा घ्या, दुरुस्तीसह घ्या, अभ्यासासाठी परत पाठवा किंवा फेटाळा. आपल्याकडे साहित्य संमेलनाच्या विषय नियामक समितीचे काम काहीसे असेच असते; फरक एवढाच, की तेथे शेवटच्या दिवशी ठराव वाचले जातात तेव्हा मांडवात वाद घालण्याची कोणाची इच्छा उरलेली नसते. ‘अभ्यासासाठी परत’ या शिफारशीचा एक गैरवापरही होतो. नको असलेला ठराव फेटाळण्याचे धाडस नसले, की तो समितीकडे पाठवून द्यायचा आणि समितीची बैठकच बोलवायची नाही. सरकारी भाषेत ज्याला बासनात गुंडाळणे म्हणतात, ते हेच.

मग मतदान. गणपूर्ती पाहायची असते. अनेक संस्थांच्या घटनेत गणपूर्तीअभावी सभा तहकूब करून अर्ध्या तासाने त्याच जागी घेण्याची सोय आहे आणि त्या दुसऱ्या सभेला गणपूर्तीची अट नसते. घटनेला हे मान्य असले तरी शेकडो सदस्यांच्या शाखेची भूमिका सतरा जणांनी ठरवली असेल, तर तो आकडा कळायला हवा. शाखेत मंजूर झालेला ठराव शाखेपुरताच असतो. राज्याची भूमिका व्हायची तर तो राज्य परिषदेपुढे, आणि देशाची व्हायची तर मध्यवर्ती परिषदेपुढे पुन्हा सगळ्या कसोट्यांतून जावा लागतो. नाशिकच्या मिरवणुकीचा ठराव वर जाताना गणपतीपासून सुटून लग्नाच्या वराती, जयंत्या आणि प्रचारसभांपर्यंत पसरतो, आणि प्रत्येक पायरीवर त्याच्या शब्दांची धार थोडी कमी होते.

मतदानाने एका शब्दाचे वजन किती बदलते, हे पाहायचे तर ब्रिटिश मेडिकल असोसिएशनचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे. असाध्य आजाराच्या रुग्णाला जीवन संपवण्यासाठी डॉक्टरने साहाय्य करण्याची मुभा कायद्याने द्यावी का, या प्रश्नावर ती संघटना २००६ पासून विरोधात होती. २०२० मध्ये तिने सदस्यांचे सर्वेक्षण केले. जवळपास २९ हजार डॉक्टरांनी उत्तरे दिली. रुग्णाने स्वतः घ्यायचे औषध लिहून देण्याच्या मुद्द्यावर संघटनेने पाठिंबा द्यावा असे ४० टक्के, विरोध करावा असे ३३ टक्के आणि तटस्थ राहावे असे २१ टक्के जणांनी सांगितले. सर्वेक्षणाने भूमिका बदलली नाही, कारण ती बदलण्याचा अधिकार प्रतिनिधींच्या वार्षिक सभेचा. सप्टेंबर २०२१ मध्ये त्या सभेत तटस्थतेचा ठराव मंजूर झाला: ४९ टक्के बाजूने, ४८ टक्के विरोधात, ३ टक्के अलिप्त. म्हणजे सदस्यांचा सर्वांत मोठा गट पाठिंब्याचा, जुनी भूमिका विरोधाची, आणि ठरली ती तटस्थता, तीही एका टक्क्याच्या फरकाने. बाहेरच्याला वाटेल, की संघटनेने हात झटकले. पण तटस्थ म्हणजे गप्प नव्हे. कायदा बदलावा की नाही यावर संघटना बोलणार नाही, पण बदललाच तर मनाविरुद्ध या कामात भाग घेण्याची सक्ती डॉक्टरांवर होऊ नये, यासाठी ती बोलत राहील. तटस्थतेचीही अशी नेमकी व्याख्या लिहून ठेवावी लागते, नाहीतर दोन्ही बाजू तिला आपल्या खिशात घालतात.

नैतिक प्रश्नांवर एक टक्क्याचे बहुमत पुरेसे मानावे का, हा वाद जुना आहे. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या जागतिक वैद्यकीय संघटनेत नीतिविषयक दस्तऐवजांसाठी महासभेत तीनचतुर्थांश मते लागतात. माणसांवरील वैद्यकीय संशोधनाची नीती सांगणारा तिचा १९६४ चा हेलसिंकी जाहीरनामा या वाटेने वारंवार सुधारला गेला. अलीकडची सुधारणा ऑक्टोबर २०२४ ची, आणि तीत संशोधनातल्या माणसासाठीचा ‘प्रयोगविषय’ अशा अर्थाचा जुना शब्द जाऊन ‘सहभागी’ हा शब्द आला. एका शब्दासाठी साठ वर्षे लागली असे म्हणून हसता येईल. पण ज्याच्या दंडात सुई टोचली जाते तो विषय आहे की सहभागी, यावर त्याला काय सांगायचे आणि काय विचारायचे हे अवलंबून असते. याच जागतिक संघटनेतून आयएमए १९८५ मध्ये बाहेर पडली होती, कारण वर्णद्वेषी राजवटीतली दक्षिण आफ्रिकेची संघटना तिची सदस्य होती. परत गेली ती १९९३ मध्ये. तेवढी वर्षे जागतिक व्यासपीठावरची खुर्ची सोडून त्या भूमिकेची किंमत आयएमएने मोजली.

साथ आली, सरकारने रातोरात अध्यादेश काढला किंवा डॉक्टरवर हल्ला झाला, तर एवढी मोठी वाट चालायला वेळ नसतो. अशा वेळी कार्यकारिणी किंवा अध्यक्ष बोलतात आणि पुढच्या सभेत त्याला मान्यता घेतात. हे योग्यच आहे, फक्त ती मान्यता खरोखर घेतली गेली पाहिजे आणि तातडीचे निवेदन कायमच्या भूमिकेच्या कप्प्यात गुपचूप जाऊन बसता कामा नये. वाचकानेही दोन्ही कप्पे वेगळे ठेवावेत. बातमीत ठरावाची तारीख, सभेचे नाव आणि मूळ मजकूर कोठे वाचायला मिळेल हे दिलेले असेल, तर ती बहुधा भूमिका असते. ‘पदाधिकाऱ्यांनी नाराजी व्यक्त केली’ एवढेच असेल, तर तो बहुधा फोन असतो.

मंजूर ठराव कायद्यापुढे हरूही शकतो. डॉक्टरांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही, ही आयएमएची भूमिका सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये व्ही. पी. शांता खटल्यात फेटाळली, आणि तेव्हापासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा त्या कायद्याखाली आली. भूमिका हरली तरी ती लेखी होती म्हणून तिच्यातले प्रत्येक कारण न्यायालयाला तपासता आले.

अमेरिकन संघटनेत कोणतीही भूमिका साधारण दहा वर्षांनी पुन्हा सभेपुढे येते, आणि तिला मुदतवाढ मिळाली नाही तर ती आपोआप मावळते. जागतिक संघटनाही आपले दस्तऐवज दहा वर्षांनी तपासते. आपल्याकडच्या अनेक संस्थांत जुने ठराव असे मरत नाहीत, फक्त कपाटात पडून राहतात, आणि नव्या कार्यकारिणीला ते माहीत नसल्याने ती त्याच विषयावर नवा आणि कधी कधी उलटा ठराव करते. आपल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या ठरावाला म्हणून सभेत आलेली शेवटची उपसूचना मला सर्वांत शहाणी वाटते. तिने मजकुराच्या तळाशी एकच ओळ जोडली: ‘हा ठराव पाच वर्षांनी पुन्हा सभेपुढे ठेवावा.’ त्या दिवशी विषयपत्रिकेवर हा विषय इतिवृत्तानंतर लगेच, दुसऱ्या क्रमांकावर असेल. तोपर्यंत झालेल्या श्रवणचाचण्यांची नोंदवही टेबलावर असावी लागेल, पथकांतली किती मुले कानात बोळे घालून वाजवतात हे कोणीतरी सरावाच्या मैदानावर जाऊन मोजलेले असावे लागेल, आणि तसे कोणीच केलेले नसेल तर ठराव चालू ठेवायचा की मावळू द्यायचा, यावर सभासदांना हात वर करावे लागतील.